मांगाझेया : ताझ नदीकाठचं फरच्या व्यापाराचं हरवलेलं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सायबेरियाच्या इतिहासात मांगाझेयाचं नाव एखाद्या दंतकथेसारखं येतं. बर्फात उभं राहिलेलं श्रीमंत शहर, मग तिथली समुद्राची वाट बंद करणारा झारचा एक हुकूम, आणि शहर गडप. ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण निम्मीच खरी आहे. गाव खरोखर होतं, खरोखर श्रीमंत होतं आणि खरोखर उठून गेलं. त्या बंदीच्या हुकमानं मेलं, हे मात्र मला पटत नाही. खाली नेहमीचे प्रश्न घेतले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

मांगाझेया नेमकं कुठे होतं?

पश्चिम सायबेरियाच्या पार उत्तरेला, ताझ नदीच्या उंच काठावर. मांगाझेइका नावाची एक छोटी नदी तिथे ताझला मिळते. आजच्या रशियात ही जागा यामाल-नेनेत्स स्वायत्त प्रदेशातल्या क्रास्नोसेलकुप जिल्ह्यात येते, उत्तर ध्रुववृत्ताला अगदी खेटून. ताझ पुढे ताझच्या आखातात उतरते, ते आखात ओबच्या आखाताला मिळतं आणि तिथून पुढे कारा समुद्र. हा समुद्र वर्षातले थोडेच आठवडे गलबतांना वाट देतो. नकाशा उघडून ही साखळी एकदा बघून ठेवा. पुढची सगळी भानगड या पाण्याच्या वाटेवरून झाली.

ते कधी वसलं? कोणी वसवलं?

सरकारी इतिहास १६०० पासून सुरू होतो. अहमदनगरचा किल्ला चांदबिबीच्या पश्चात मोगलांच्या हाती पडला, तेच वर्ष. झार बोरिस गोदुनोव्हच्या हुकमावरून मिरोन शाखोव्स्कोय आणि दानिला ख्रिपुनोव्ह हे दोन अधिकारी शंभरेक शिपाई घेऊन तोबोल्स्कहून, म्हणजे सायबेरियातल्या रशियन कारभाराच्या मुख्य ठाण्याहून, निघाले. ओबच्या आखातात वादळानं त्यांच्या होड्या फुटल्या. उरलेला माल घेऊन ते जमिनीवरून पुढे सरकले, तर वाटेत स्थानिक लोकांनी हल्ला केला. तीसेक माणसं मारली गेली. तरीही वाचलेल्यांनी ताझच्या काठावर एक लाकडी ठाणं उभं केलं. पुढच्या वर्षी, म्हणजे १६०१ मध्ये, वासिली मोसाल्स्की आणि सावलुक पुश्किन कुमक घेऊन आले आणि गढी नीट बांधली गेली. १६०७ च्या सुमारास दाविद झेरेब्त्सोव्हच्या कारकिर्दीत पाच बुरुजांचा कोट झाला आणि ठाण्याचं शहर झालं.

पण सरकार पोचण्याआधी व्यापारी पोचले होते. पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरचे पोमोर, म्हणजे आर्खांगेल्स्क, खोल्मोगोरी, पिनेगा, मेझेन या भागातले दर्यावर्दी, सोळाव्या शतकातच इथे येऊन फर नेत होते. झारनं वसवलं ते ठाणं आणि जकात नाका. बाजार आधीपासून भरत होता.

इथे सोनं सापडायचं का?

नाही. रशियन लोक या गावाला ‘सोनं उकळणारी मांगाझेया’ म्हणत, त्यामुळे हा घोळ होतो. सगळा पैसा कातड्यांचा होता.

एवढी किंमत कोणत्या कातड्याला होती?

सेबलला. मुंगसापेक्षा थोडा भरदार, झाडांवर चढणारा आणि जमिनीवर शिकार करणारा हा छोटा प्राणी. हिवाळ्यात त्याची फर दाट, मऊ आणि गडद होते. जितकी गडद तितकी महाग. त्याखालोखाल काळा कोल्हा, ध्रुवीय कोल्हा, बीव्हर, एर्मिन (हिवाळ्यात पांढरा होणारा छोटा शिकारी प्राणी), खार.

किंमतीचा अंदाज यावा म्हणून १६२३ ची एक नोंद सांगतो. सायबेरियातल्या एका अधिकाऱ्यानं काळ्या कोल्ह्याची दोन कातडी चोरीला गेल्याचं कळवलं. एकाची किंमत ३० रूबल, दुसऱ्याची ८०. त्या पैशांत चोराला पन्नासेक एकर जमीन, चांगलं घर, पाच घोडे, दहा गुरं, वीस मेंढ्या आणि कोंबड्या घेता आल्या असत्या, आणि वर निम्मे पैसे शिल्लक राहिले असते, असा हिशोब इतिहासकारांनी मांडला आहे. दोन कोल्ह्यांत आयुष्याची ददात मिटली!

झारला फर इतकी हवी होती, त्यामागे एक साधं कारण होतं. त्या काळच्या रशियाकडे स्वतःच्या चांदीच्या खाणी नव्हत्या. युरोपातून चांदी आणायची तर बदल्यात काहीतरी द्यायला हवं. सेबल हे त्यातलं सगळ्यात हलकं, न नासणारं आणि कुठेही खपणारं चलन. वकिलातींना भेटी, सरदारांना बक्षिसं, अधिकाऱ्यांचे पगार, सगळीकडे सेबल चालायचं. मोजणी चाळीसच्या गठ्ठ्यानं व्हायची.

शिकार कशी करायचे? बंदुकीनं?

सहसा नाही. गोळीनं कातड्याला भोक पडतं आणि भाव उतरतो. मुख्य साधन म्हणजे ओंडक्याचा सापळा. दोन खुंटांच्या मध्ये एक जड ओंडका तिरपा टेकवून ठेवायचा, खाली मासा किंवा मांसाचा तुकडा आमिष म्हणून लावायचा. प्राण्यानं आमिष ओढलं की खटका सुटतो, ओंडका पडतो आणि कातडं शाबूत राहतं. एकेक टोळी हिवाळ्याच्या तोंडाला असे शेकडो सापळे जंगलात मांडायची आणि मग बर्फावरून लाकडी पट्ट्या पायाला बांधून ठरल्या वाटेनं ते तपासत फिरायची. दुसरी रीत कुत्रा आणि जाळ्याची. कुत्र्यानं बीळ किंवा झाड दाखवलं की भोवती जाळं लावायचं आणि धूर करून सेबलला बाहेर काढायचं.

टोळीत काही जण स्वतःच्या भांडवलावर आलेले असत. बरेच जण मात्र व्यापाऱ्याकडून पीठ, कपडे, सापळ्याचं सामान, जाळी असं सगळं आगाऊ घेऊन आलेले. ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन हंगामाला जातो, तसाच हा व्यवहार. करार दोन-तीन वर्षांचा, आणि शिकारीचा साधारण दोन तृतीयांश वाटा मालकाचा. हंगाम चांगला गेला तर माणूस गावी जाऊन घर बांधायचा. वाईट गेला तर उचल फेडण्यासाठी पुन्हा उचल.

गाव दिसायचं कसं?

दोन भाग होते. एक कोट, दुसरी पेठ. कोटाच्या आत व्होयेवोदाचा, म्हणजे झारच्या सुभेदाराचा वाडा, कचेरी, तुरुंग, दारूगोळा आणि मुख्य चर्च. बाहेर पेठेत व्यापाऱ्यांची मोठी वखार, जकातीची कचेरी, धान्याची कोठारं, चर्चं, कारागिरांची घरं, न्हाणीघरं आणि दारूचा गुत्ता. सगळं लाकडाचं. भोवती दलदल, त्यामुळे रस्त्यांवर आणि अंगणांत फळ्या टाकलेल्या.

या फळ्यांचीच एक गंमत आहे. त्यातल्या बऱ्याच जहाजांच्या आहेत. पोमोर लोक ‘कोच’ नावाच्या गलबतातून यायचे. पोटाला गोलसर, उथळ पाण्यातही तरंगणारं आणि बर्फाचा दाब सोसणारं हे गलबत. ते ताझपर्यंत पोचलं की पुष्कळदा परत जायच्या लायकीचं राहत नसे. मग ते मोडायचे आणि त्याच फळ्यांनी घराचा पाया, अंगणाची फरसबंदी करायचे. आज सतराव्या शतकातल्या कोचबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातला मोठा भाग या घरांच्या पायांतून निघाला आहे. एका फळीवर तर कोणीतरी चाकूनं कोचचं चित्रच कोरून ठेवलेलं सापडलं.

कायम राहणारी वस्ती फार नव्हती. हंगामात मात्र शिकारी टोळ्या, व्यापारी, त्यांचे गुमास्ते आणि हमाल यांनी पेठ फुलून जायची. हिवाळा मोठा, रात्री त्याहून मोठ्या. उत्खननात बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि पट इतके निघाले आहेत की माणसं दिवस कसे काढत होती ते वेगळं सांगायला नको. मुलांची लाकडी खेळणी आणि चामड्याची छोटी पायताणंही सापडली आहेत. म्हणजे हा फक्त पुरुषांचा तळ नव्हता, संसारही होते.

धातू ओतण्याची एक भट्टीही होती. तिथल्या तांब्याच्या अवशेषांत निकेल आढळलं आणि ते तांबं पूर्वेकडच्या नोरिल्स्क भागातल्या खनिजाचं असावं, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. नोरिल्स्कच्या प्रचंड खाणी विसाव्या शतकात सुरू झाल्या. तीनशे वर्षं आधी कोणीतरी तो दगड ओळखला होता.

जकात कशी घेत? चोरटा व्यापार होत नव्हता का?

दर दहा कातड्यांमागे एक सरकारचं. कचेरीत गठ्ठे सोडायचे, प्रतवारी करायची, दशांश बाजूला काढायचा आणि उरलेल्या मालाचा दाखला द्यायचा. तो दाखला पुढच्या प्रत्येक नाक्यावर दाखवायचा. दाखल्यात नसलेलं कातडं जप्त.

चोरटा व्यापार अर्थातच जोरात होता, आणि त्यात सगळ्यात पुढे खुद्द सरकारी माणसं. सायबेरियातून परत निघालेल्या सुभेदारांची झडती घ्यावी म्हणून उरल पर्वत ओलांडतानाच्या व्हेर्खोतुऱ्ये नाक्याला मॉस्कोहून सूचना होत्या. पेट्या, गाद्या, उशा, दारूची पिंपं, अगदी भाजलेल्या पावाच्या आतही बघा. बायकांचीही झडती घ्या, भीड बाळगू नका. एवढं बारकाईनं लिहून द्यावं लागलं, यावरून पावात काय काय भरून गेलं असेल याची कल्पना करा.

तिथले मूळ रहिवासी कोण? त्यांचं काय झालं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मुद्दाम सविस्तर. ताझच्या खोऱ्यात एनेत्स, नेनेत्स, सेलकुप आणि खांती लोक राहत होते, पूर्वेला एवेंकी. रेनडियर, मासेमारी आणि शिकार यांवर त्यांचं जगणं. गावाचं नावसुद्धा एनेत्सांच्या एका कुळाच्या नावावरून आलं असं मानतात.

या लोकांबद्दल रशियात आधीपासून भलत्यासलत्या कहाण्या होत्या. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका रशियन हस्तलिखितात ‘मोल्गोन्झेई’ लोकांचा उल्लेख आहे. त्यांच्याकडे सेबल असतं, हे खरं. पण पाहुणा आला की ते स्वतःची मुलं कापून त्याला वाढतात, असंही तिथे बिनदिक्कत लिहिलं आहे. शेजारच्या दुसऱ्या लोकांची तोंडं डोक्यावर असतात, तर आणखी कोणी हिवाळ्यात दोन महिने मरून पडतात आणि वसंतात उठतात. उत्तम माल जिथून येतो तिथली वाट इतरांना भयंकर वाटावी, यात कोणाचा फायदा होता हे उघड आहे.

ठाणं झाल्यावर या लोकांवर ‘यासाक’ बसला. म्हणजे दर प्रौढ पुरुषामागे दरवर्षी ठरावीक कातड्यांची खंडणी. ती वेळेवर यावी म्हणून कुळातल्या मोठ्या माणसांना किंवा त्यांच्या मुलांना कोटात ओलीस ठेवत. खंडणी आली की ओलीस जिवंत आहे हे दाखवायचं, हा रिवाज. याला व्यापार म्हणणं धाडसाचं आहे. व्यापार होता, तो यासाक फेडून उरलेल्या कातड्यांचा. बदल्यात सुऱ्या, कुऱ्हाडी, तांब्याची भांडी, काचमणी, पीठ. त्यातच रशियन टोळ्या त्याच जंगलात सापळे लावायच्या, म्हणजे खंडणीचा प्राणी दुसराच कोणीतरी मारून न्यायचा. गावावर आणि वाटेतल्या होड्यांवर हल्ले होत राहिले, त्याचं कारण इथे आहे.

हे लोक संपलेले नाहीत. नेनेत्स आज चाळीस हजारांहून जास्त आहेत आणि त्यांच्यातले बरेच अजूनही रेनडियर राखतात. एनेत्स मात्र जेमतेम दोन-अडीचशे उरले आहेत. गावाला नाव दिलेल्या लोकांची ही संख्या.

समुद्रमार्ग बंद का केला?

पोमोरांची वाट अशी होती. आर्खांगेल्स्ककडून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं कारा समुद्रात शिरायचं. पुढे यामाल द्वीपकल्प आडवं येतं. त्याला वरून वळसा घातला तर बर्फात अडकायची भीती. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या मुतनाया नदीत शिरायचं, तळ्यांतून जायचं, मधल्या कोरड्या पट्ट्यावरून गलबत आणि माल ओढत न्यायचा आणि पलीकडच्या झेल्योनाया नदीतून ओबच्या आखातात उतरायचं. तिथून ताझ. वारा अनुकूल असला तर आर्खांगेल्स्कहून मांगाझेयाला साडेचार आठवड्यांत पोचता येतं, असं तेव्हाच्या कागदांत नमूद आहे.

हीच गोष्ट तोबोल्स्कचा व्होयेवोदा इवान कुराकिन याला खुपली. १६१६ मध्ये त्यानं मॉस्कोला कळवलं की परदेशी जहाजंही याच वाटेनं येतील, आणि ती थोपवायला आपल्याकडे इतक्या दूर सैन्य नाही. चौकशी झाली. लेओन्ती शुबिन नावाच्या जुन्या व्यापाऱ्यानं आपण १६०१ मध्ये चार कोच घेऊन याच वाटेनं मांगाझेयाला गेल्याची जबानी दिली. आधी बंदी झाली, मग थोडी ढील मिळाली, आणि १६१९ मध्ये कायमची बंदी आली. मोडेल त्याला देहदंड.

परदेशी येतील ही भीती पोकळ नव्हती. १६१२ मध्ये इसाक मासा या डच व्यापाऱ्यानं सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा छापून आणला होता. रशियाशी व्यापार करणाऱ्या इंग्रजांच्या मस्कोव्ही कंपनीची माणसं १६११ पासून पेचोरा नदीच्या मुखाशी हिवाळे काढून या भागाची माहिती गोळा करत होती. रशिया नुकताच अराजकातून उठत होता. मॉस्कोत पोलिश फौज बसून गेली होती, नोव्हगोरोद स्वीडनच्या ताब्यात होतं, आणि उत्तर रशिया इंग्लंडच्या संरक्षणाखाली घ्यावा अशी योजना लंडनच्या दरबारात चर्चेला आली होती. झार मिखाईल रोमानोव्हनं घाबरू नये तर काय करावं!

कुराकिनचा स्वार्थही लपत नाही. समुद्रानं गेलेला माल तोबोल्स्कच्या हाताला लागत नाही. इर्तिश आणि ओब नद्यांवरून गेलेला लागतो.

या सगळ्याचा आपल्याशी काही संबंध?

थेट नाही, पण एक धागा खरा आहे. इंग्रज आणि डच कारा समुद्रात धडपडत होते ते फक्त फरसाठी नाही. चीनला आणि हिंदुस्थानला उत्तरेकडून जाणारी वाट त्यांना हवी होती, कारण दक्षिणेकडची पोर्तुगीजांनी अडवलेली. १५५३ ची इंग्रजांची मोहीम आणि १५९० च्या दशकातल्या बारेंट्सच्या डच सफरी त्याच शोधात निघाल्या. उत्तरेला बर्फ आडवा आला. तोवर आफ्रिकेला वळसा घालून जाणं जमू लागलं होतं, आणि १६१३ मध्ये सुरतेला इंग्रजांची वखार पडलीसुद्धा. ओबच्या मुखाशी जे येतील म्हणून झार धास्तावला होता, ते तोवर आपल्या दाराशी येऊन बसले होते.

मग बंदीमुळेच मांगाझेया उजाड झाली ना?

बहुतेक ठिकाणी असंच लिहिलेलं सापडेल. तारखा लावून बघा.

बंदी १६१९ ची. आणि जकातीच्या नोंदींवरून १६३० ते १६३७ या काळात मांगाझेयातून बाहेर गेलेल्या सेबलच्या कातड्यांचा आकडा पाच लाखांच्या घरात जातो. म्हणजे भरभराटीचा काळ बंदीनंतरचा! समुद्र बंद झाल्यावर व्यापारी ओबच्या वाटेनं यायला लागले. वाट लांब झाली, खर्च वाढला, पण माल होता तोवर कोणी थांबलं नाही.

घात दोन गोष्टींनी केला, आणि दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या. पहिली म्हणजे सेबलच संपलं. वर्षाकाठी हजारोंनी मारलं जाणारं जनावर किती पुरणार? ताझचं खोरं आधी रिकामं झालं. टोळ्या पूर्वेला येनिसेई नदीकडे सरकल्या, तिथून तुंगुस्का नद्यांच्या काठानं लेना नदीपर्यंत. पेंदा नावाचा एक शिकारी १६२० च्या सुमारास मांगाझेयाहून निघून लेनाला पोचला, अशी आठवण सायबेरियात शंभर वर्षांनंतरही सांगितली जात होती. शिकार येनिसेईपलीकडे गेल्यावर ताझवरचं गाव आडवाटेला पडलं. १६०७ मध्येच तुरुखान नदीच्या मुखाशी एक हिवाळी ठाणं घातलं होतं. ते आता सोयीचं झालं आणि बाजार तिकडे झुकला.

दुसरी गोष्ट म्हणजे धान्य. ताझकाठी काही पिकत नाही. सगळं पीठ तोबोल्स्कहून यायचं आणि ते ओबच्या आखातातून. हे आखात शेकडो किलोमीटर लांब, उथळ आणि वादळी. पहिल्याच मोहिमेच्या होड्या तिथे फुटल्या होत्या, ते वर आलंच आहे. १६४० च्या दशकाच्या सुरुवातीला सलग काही वर्षं धान्याचे कोच गावापर्यंत पोचलेच नाहीत. त्यातच १६४२ ची मोठी आग. फर भरपूर असती तर कोणीतरी पीठ आणलंच असतं, कितीही भावानं. फर नाही म्हणून व्यापारी नाही, व्यापारी नाही म्हणून पीठ नाही.

बंदीचा वाटा यात नक्की आहे. समुद्राची वाट उघडी असती तर धान्याला दुसरा रस्ता मिळाला असता. पण एका प्राण्यावर उभं राहिलेलं गाव तो प्राणी संपल्यावर टिकलं असतं, असं म्हणायला मी तयार नाही.

दोन सुभेदारांत तोफा चालल्या, हे खरं आहे का?

खरं आहे. मॉस्को पुष्कळदा एका जागी दोन व्होयेवोदा पाठवत असे. हेतू हा की दोघे एकमेकांवर नजर ठेवतील. ग्रिगोरी कोकोरेव्ह आणि आंद्रेई पालित्सिन यांनी नजर ठेवण्याची हद्द केली. १६३०-३१ मध्ये कोकोरेव्ह शिपायांसह कोटात आणि पालित्सिन व्यापाऱ्यांच्या, शिकाऱ्यांच्या पाठिंब्यावर पेठेत, अशी फाळणी झाली. कोटावरून पेठेवर तोफा डागल्या. माणसं मेली, इमारती पडल्या. दोघेही मॉस्कोला एकमेकांविरुद्ध लांबलचक तक्रारी पाठवत होते, आणि त्या तक्रारींमुळेच गावातल्या रोजच्या जगण्याबद्दल आज आपल्याला इतकं कळतं. भांडखोर अधिकारी इतिहासकाराच्या फार कामाचे.

मांगाझेयाचा वासिली कोण?

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये संत मानला गेलेला एक पोरसवदा गुमास्ता. कथेनुसार तो यारोस्लाव्हलचा, मांगाझेयातल्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला. तो चर्चमध्ये प्रार्थनेत असताना दुकानात चोरी झाली. मालकानं आळ त्याच्यावर घेतला, मारहाण केली आणि डोक्यात किल्ल्यांचा जुडगा हाणला. त्यात तो मेला. वर्ष १६०२ सांगतात. गुपचूप दलदलीत पुरलेली त्याची पेटी सतराव्या शतकाच्या मध्याला जमिनीतून वर आली, आणि लोक तिथे नवस बोलू लागले. १६७० मध्ये तिखोन नावाच्या साधूनं अस्थी तुरुखानच्या मठात हलवल्या.

पेटी वर कशी आली? भाविकांसाठी तो चमत्कार. खालची जमीन कायमची गोठलेली असेल तर वरचा थर दरवर्षी विरघळतो आणि पुन्हा गोठताना फुगून आतल्या वस्तू हळूहळू वर ढकलतो. अशा प्रदेशात खांब, दगड, शवपेट्या वर येतातच. मला त्याहून लक्षणीय वाटतं ते असं की श्रीमंत व्यापाऱ्यांच्या या गावानं पुजायला निवडला तो मालकाच्या हातून मेलेला नोकर.

गाव शेवटी कधी रिकामं झालं?

१६७२ मध्ये, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. झार अलेक्सेई मिखाइलोविचच्या हुकमानं ठाणं येनिसेईकडे, तुरुखानच्या ठाण्यावर हलवलं. तोवर गावात हलवण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. नव्या जागेला ‘नवी मांगाझेया’ म्हणत. तेच पुढे तुरुखान्स्क झालं. आजचं तुरुखान्स्क मात्र त्या जागेवर नाही, ते मठाशेजारच्या वेगळ्या गावाचं आताचं नाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्टालिन हद्दपारीत होता, तो याच मुलखात.

मग पुन्हा सापडलं कसं?

पूर्ण हरवलं कधीच नव्हतं. स्थानिक लोकांना जागा ठाऊक होती. १८६० च्या दशकात युरी कुशेलेव्स्की तिथे जाऊन आला, १९१४ मध्ये शुखोव्ह, १९४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ चेर्नेत्सोव्ह. मोठं उत्खनन १९६८ ते १९७३ दरम्यान झालं, लेनिनग्राडच्या आर्क्टिक आणि अंटार्क्टिक संशोधन संस्थेच्या मिखाईल बेलोव्ह यांच्या नेतृत्वाखाली. त्याआधी मांगाझेया म्हणजे चार झोपड्यांचं ठाणं असावं, असा बऱ्याच जणांचा समज होता. कोट, वखार, भट्टी, डझनावारी इमारती बाहेर आल्यावर तो मोडला. २००० नंतर गेओर्गी विझगालोव्ह यांच्या तुकडीनं काम पुढे नेलं.

गोठलेल्या जमिनीनं लाकूड, चामडं, कापड, हाडं सगळं जपलं आहे. ओंडक्यांच्या वलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही काढता येतं, म्हणून एकेका घराचं वय कागदांवर विसंबून न राहता कळतं. अडचण नदीची आहे. ताझ तो काठ कापत असते आणि कोटाचा काही भाग कधीच पाण्यात गेला आहे.

तिथे जाता येतं का?

सोपं नाही. रस्ता नाही. क्रास्नोसेलकुपहून उन्हाळ्यात नदीनं किंवा हेलिकॉप्टरनं जावं लागतं. गेलात तरी गवत, झुडपं आणि खड्डे दिसतील. जागा संरक्षित आहे, उकरायला मनाई आहे. सापडलेल्या वस्तू बघायच्या असतील तर सालेखार्डच्या शेमानोव्स्की संग्रहालयात जा. तिथवर विमान जातं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर डासांसाठी जाळीची टोपी सोबत ठेवा.